नथ्थूची हजेरी

बालाघाट
१२ जून २०२५

चि. नूतन,

तुला आणि घरच्यांना जयभीम. इकडे सगळे बरे आहेत. घरच्या माणसाला ईमेल करणं मला जमत नाही, म्हणून हे पोस्टाचं पाकीट. पण तक्रार मात्र ईमेलचीच आहे.

परवा तुमच्या 'कणगी'कडून मला पत्र आलं. गेल्या एकशेऐंशी दिवसांत माझं काही योगदान नाही, सबब महिन्याभरात माझा दर्जा 'सक्रिय'वरून 'मानद' होईल, सेवेबद्दल आभार. खाली सही नाही. मी 'श्रीमान महोदय' इथून सुरुवात करून दीड पान उत्तर लिहिलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा कागदही जोडला. एका मिनिटात तेच पत्र पुन्हा आलं, एक अक्षर न बदलता. कोणी तरी फार मोठा साहेब असावा.

गेल्या वर्षी तूच आली होतीस. 'काकाजी, तुमच्याकडचे शब्द कोणत्याच कोशात नाहीत,' असं म्हणून मला आणि नथ्थूला ओट्यावर बसवून तूच कणगीत भरती केलंस. मराठी शब्दांचा साठा, कोणीही भर घालावी, कोणीही फुकट वापरावा, आणि कोणी फोनवर मराठी लिहायला बसलं की याच साठ्यातून शब्द तपासले जाणार, असं तू सांगितलं होतंस. आम्ही दोघांनी मिळून सहाशे शब्द दिले. बांधी, धुरा, पऱ्हे, रोवणा, असे धानाच्या शेतीतले. नथ्थूला लिहिता येत नाही, म्हणून तो सांगायचा आणि मी टाइप करायचो. त्याचे त्याच्या नावावर, माझे माझ्या नावावर. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

मी उकव्याच्या खाणीत चौतीस वर्षं टाइमकीपर होतो. माणूस आला नाही तर एकशेऐंशी दिवस वाट पाहून आभार मानायचे, ही पद्धत माझ्याकडे नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी माणूस पाठवायचो.

माझं नाव काढलंत तरी चालेल. पण तेच पत्र नथ्थूलाही आलं आहे. तो ठेकेदाराचा माणूस. तीस वर्षं माझ्या खिडकीसमोरून रोज खाली गेला आणि वर आला, पण ठेकेदाराच्या माणसांची नावं माझ्या रजिस्टरात नसत, फक्त आकडा असे. रेशन कार्ड आणि मतदार यादी सोडली तर तुमची कणगी ही त्याच्या नावाची पहिली यादी आहे. ते नाव तिथं राहू दे, एवढंच मागणं.

सध्या तो लांजीकडे गावी आहे. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे दिवस, फोन लागत नाही.

तुझे काकाजी,
हेमराज

*

हैदराबाद
२१ जून २०२५

ती. काकाजी,

जयभीम. तुम्ही ज्याला दीड पान लिहिलंत तो साहेब नाही, प्रोग्राम आहे. आम्ही त्याला चौकीदार म्हणतो. दर सोमवारी तो यादी तपासतो आणि ज्यांच्याकडून काही हाललं नाही त्यांना पत्र धाडतो. त्याला मोतीबिंदू कळत नाही.

आणि खरं सांगायचं तर त्याला कामाला मीच लावलं. सदस्यांचं सगळं माझ्याकडे आहे, बिनपगारी. हजाराच्या वर सदस्य, त्यातले नऊशे नाव नोंदवून गेले ते गेलेच. काही ठरवायला मतदान ठेवलं की पुरेशी मतंच पडत नाहीत. म्हणून आम्ही पायऱ्या केल्या. आधी योगदाता. मग तपासनीस, जो दुसऱ्यांचे शब्द मंजूर किंवा नामंजूर करतो. सगळ्यात वर राखणदार, ज्याच्या हाती किल्ल्या. शिवाय प्रत्येकापुढे एक रकाना, सक्रिय की मानद. मानद झालं म्हणजे हाकललं असं नाही. मत जातं आणि नाव दुसऱ्या पानावर जातं. ते पान कोणी उघडत नाही, हे मात्र खरं.

तुम्ही माझे काकाजी आहात म्हणून तर सवलत मुळीच देता येणार नाही. छप्पन्न कलमांची नियमावली आमच्या समितीतल्या अश्विननं लिहिली आहे आणि तो माझ्यावर डोळा ठेवून असतो. पण उपाय सोपा आहे. दोघांनी एकेक शब्द टाका, सहा महिने कोणी विचारणार नाही. नथ्थूकाका मोकळे झाले की त्यांना ओट्यावर बसवा.

तुमची,
नूतन

*

बालाघाट
८ जुलै २०२५

चि. नूतन,

जयभीम. सहा महिन्यांत एक शब्द? याला हजेरी म्हणत नाहीत, तोंड दाखवणं म्हणतात. तुमच्या नऊशे लोकांना कोणी शिस्त लावली नाही म्हणून ते पळाले.

आम्ही एक तारखेपासून रीतसर पाळी सुरू केली आहे. सकाळी सात वाजता नथ्थूचा शब्द, साडेसातला माझा. त्याचा आधी, कारण तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी रविवारी सुट्टी घेतो. तो घेत नाही, ठेकेदाराच्या माणसाला रविवार कधी नव्हताच.

तू विचारशील की तो गावी असताना हे कसं जमतं. त्यानं हिवाळ्यात सांगितलेले दोनशे बारा शब्द माझ्या वहीत आहेत. अर्थासकट आहेत आणि सगळे त्याच्याच तोंडचे. मी फक्त पोचवतो.

तुझ्या काकीनं विचारलं, 'सकाळी सकाळी फोनले नमस्कार काहून करून राह्यले?' मी म्हटलं, पाळी बदलली.

काकाजी

*

हैदराबाद
२ ऑगस्ट २०२५

ती. काकाजी,

आनंदाची बातमी आहे, पण तुमच्यासाठी नाही, म्हणून आधीच मन घट्ट करा. नथ्थूकाकांना तपासनीस केलं आहे.

जुलैअखेरच्या बैठकीत अश्विननं स्वतः नाव सुचवलं. एकतीस दिवसांत एकही खाडा नाही, एकही चूक नाही, कोणाशी वाद नाही. तो म्हणाला, 'असा शांत माणूस कणगीत मी दुसरा पाहिला नाही.' तुमचं नावही निघालं होतं. पण तुमच्या नोंदींत रविवार मोकळे दिसतात आणि टिप्पण्यांत तुम्ही लोकांना 'उशीर का झाला' असं विचारता.

आता तुम्ही वाचून दाखवायचं आणि नथ्थूकाकांनी दुसऱ्यांचे शब्द तपासायचे, नुसतं हौ म्हणत बसायचं नाही. पटलं नाही तर नाही म्हणायचं, कारण द्यायचं. त्यांना पटकन कळवा. बातमी ऐकून त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहा.

नूतन

*

बालाघाट
१९ ऑगस्ट २०२५

चि. नूतन,

बातमी दिली. नथ्थू काही बोलला नाही.

रुख्माबाईला, म्हणजे त्याच्या बायकोलाही सांगितलं. ती पदरानं डोळे पुसत होती. लांजीच्या बसस्टँडवर गर्दी होती, जास्त बोलणं झालं नाही.

मला वाईट मुळीच वाटलेलं नाही. तीस वर्षं मी त्याची हजेरी पाहिली, आता त्यानं माझी पाहावी. काम नीट होईल. तो आयुष्यात कोणाला उगाच हौ म्हणालेला नाही, आणि ते मी नीट पाळीन. म्हणजे तो पाळील.

काकाजी

*

हैदराबाद
१४ सप्टेंबर २०२५

आदरणीय सदस्य श्री. हेमराज,

वरचा मायना नियमानं लिहावा लागला, राग मानू नका. तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे.

भाताच्या मळणीला तुम्ही 'चुरणा' हा शब्द दिलात. नथ्थूकाकांनी तो परत पाठवला आणि कारण लिहिलं, 'शब्द बरोबर, अर्थ अर्धा. ज्यानं धानाच्या बांधीत कधी पाय ठेवला नाही त्यानं चुरण्याचा अर्थ सांगू नये.' इथपर्यंत ठीक होतं. त्यावर तुम्ही चारचौघांसमोर लिहिलंत, 'आणि जो जन्मात वेळेवर आला नाही त्यानं मला शिकवू नये.' ते म्हणाले, 'तुझं घड्याळच पुढं असायचं.' मग तुम्ही जे लिहिलंत ते मी इथं उतरवत नाही. हे सगळं तेवीस मिनिटांत झालं. नऊशे निष्क्रिय सदस्यांपैकी चाळीस जण नुसतं हे वाचायला परत आले आहेत.

सदस्यांनी एकमेकांशी आदरानं वागावं, असं कलम अकरा सांगतं. तुम्ही नथ्थूकाकांची सात दिवसांत लेखी, जाहीर माफी मागायची आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं इथं चालत नाही.

एक विचारू का, काकाजी? पन्नास वर्षांची दोस्ती, आणि तुम्ही एका ओट्यावर बसून, त्यांचीही उत्तरं तुम्हीच टाइप करत, हे फोनवर भांडत होता?

नूतन

*

बालाघाट
२५ सप्टेंबर २०२५

चि. नूतन,

माफी मागितली. तू वाचली असशीलच. चार वेळा खोडून लिहिली. 'नथ्थू, माझं घड्याळ खरंच सात मिनिटं पुढं असायचं, मी मुद्दाम ठेवायचो, तुला ते माहीत होतं आणि तू कधी कोणाला बोलला नाहीस,' एवढं लिहायला मला संध्याकाळ लागली. हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं.

त्यानं ती स्वीकारली नाही. 'पाहू,' एवढंच लिहिलं. तुला वाटेल माणूस ताठ आहे. पण तो असाच होता. माझ्या लग्नात रुसला होता तेव्हा सुद्धा तीन वर्षं 'पाहू' म्हणत होता. दुसरं काही लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं.

माझी वही ऑगस्टमध्ये संपली, हे तुला सांगून ठेवतो. त्याचा अर्थ आत्ता विचारू नकोस.

काकाजी

*

हैदराबाद
६ ऑक्टोबर २०२५

ती. काकाजी,

बसून वाचा. नथ्थूकाका राखणदार झाले.

मी ठरवूनही हे घडवलं नसतं. तुमच्या भांडणानं झालं. जिवलग मित्राचा शब्द परत पाठवतात, त्याच्या माफीनंही पाघळत नाहीत, असा निःपक्षपाती माणूस किल्ल्यांना हवा, असं सगळे म्हणू लागले. मतदानाला पहिल्यांदाच पुरेसे लोक आले. एकसष्ट बाजूनं, चार विरोधात. मी नात्यामुळे मत दिलं नाही. नथ्थूकाकांनी स्वतःला मत दिलं नाही, किती मोठं मन. विरोधातल्या चारांत एक मत तुमचं दिसतं. काकाजी, हे बरं दिसत नाही.

आता एकच काम उरलं. राखणदाराला किल्ल्या देण्याआधी समितीनं त्याचा चेहरा एकदा पाहायचा, असं कलम आहे. दोन मिनिटांची व्हिडिओ भेट. नाव सांगायचं, हसायचं, झालं. ते गावी असतील आणि तिथं नेट नसेल तर मी दिवाळीच्या सुट्टीत येतेच आहे, लॅपटॉप घेऊन थेट लांजीला जाते. त्यांना फक्त घरी थांबायला सांगा.

नूतन

*

बालाघाट
१३ ऑक्टोबर २०२५

चि. नूतन,

लांजीला जाऊ नकोस.

नथ्थू ९ जानेवारीला गेला. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी सकाळी संपलं. मी पोचलो तेव्हा त्याला बाहेर आणलं होतं.

तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. पण कळवलं असतं तर तू त्याचं नाव काढलं असतंस, कारण तू प्रामाणिक आहेस. मग जूनमध्ये ते पत्र आलं. वहीत त्याचे दोनशे बारा शब्द होते. मी स्वतःला समजावलं की शब्द त्याचे आहेत तर हजेरीही त्याचीच. बोटं आधीही माझीच होती, फरक इतकाच की तेव्हा तो शेजारी बसून सांगायचा. रोज एक करून ती वही सात महिने पुरली असती. पण तू त्याला तपासनीस केलंस, मान मिळाला म्हणून मी दिवसाला दहा-दहा टाकत गेलो, आणि वही महिन्यात संपली.

त्यानंतरचं सगळं माझं. चुरण्यावरून तो मला खरंच बोलला होता, पंधरा वर्षांपूर्वी, उकव्याच्या बसमध्ये. तो जे म्हणाला असता तेच मी लिहायचो, माझ्या विरुद्ध असलं तरी. सकाळी सात वाजता बसलो की तो काय म्हणेल ते मला बरोबर सुचायचं आणि साडेसातला मला त्याचा राग यायचा. ते भांडण खोटं नव्हतं, नूतन. मला त्याची फार आठवण येते. त्याच्याइतकं भांडायला दुसरं कोणी नाही.

विरोधातलं मत माझंच. मेलेल्या माणसाच्या हाती किल्ल्या देऊ नयेत, एवढं मला अजून कळतं.

चौतीस वर्षांत मी कोणाचीही खोटी हजेरी लावली नाही. सख्ख्या भावाची, म्हणजे तुझ्या बाबांची सुद्धा नाही, त्यांना विचार. ही एकच लावली. जी शिक्षा असेल ती दे. पण शिक्षा मला दे, त्याला नको.

काकाजी

*

हैदराबाद
९ नोव्हेंबर २०२५

ती. काकाजी,

दिवाळीत चार दिवस आपण एका घरात होतो, एका ताटातला चिवडा खाल्ला, आणि नथ्थूकाकांबद्दल एक शब्द बोललो नाही. तुम्हाला वाटलं असेल मी रागावले आहे. मी रागावलेच होते. पण निर्णय होईपर्यंत समितीतल्या माणसानं आरोपी सदस्याशी त्या विषयावर बोलू नये, असंही एक कलम आहे.

निर्णय झाला. बाकीचे सगळे राखणदार आणि मी, तीन बैठका, नऊ तास. कलम एकतीस सांगतं की दुसऱ्याचं खातं वापरणाऱ्याला काढून टाकावं. कलम बत्तीस सांगतं की ज्याचं खातं वापरलं गेलं त्याचा यात दोष नाही, त्याचा दर्जा, पद किंवा मत काढून घेता येणार नाही. मरणाबद्दल नियमावलीत एकही कलम नाही. अश्विननं छप्पन्न कलमं दोनदा वाचली आणि डोकं धरून बसला.

म्हणून तुम्हाला काढलं आहे. नथ्थूकाका आहेत तिथंच आहेत, राखणदार, सक्रिय. चेहरा पाहायची अट तुम्ही पाठवलेल्या त्यांच्या लग्नातल्या फोटोवर भागवली, सात विरुद्ध दोन मतांनी. चौकीदार राखणदारांना पत्र पाठवत नाही, त्यामुळे यापुढे त्यांचा दर्जा कधीच बदलणार नाही. खात्याचा पासवर्ड आम्ही बदलला आणि तो कोणीच ठेवला नाही.

तुम्हाला अपील करता येतं. अपील अशा राखणदाराकडे जातं जो या समितीत नव्हता. तसे फक्त नथ्थूकाका आहेत. तीस दिवसांत त्यांचं उत्तर आलं नाही तर अपील फेटाळलं असं समजायचं. मी हे हसत लिहीत नाहीये.

तुमचं नाव यादीतून मी काढलं, माझ्या हातानं. दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. बटण दाबल्यावर मला रडू आलं. हे बैठकीच्या नोंदीत नाही, म्हणून इथं लिहिते.

सोबत नवी यादी छापून पाठवते आहे. रुख्माकाकूंना नेऊन द्या.

तुमची,
नूतन

*

बालाघाट
१ डिसेंबर २०२५

चि. नूतन,

जयभीम. अपील मी लगेच केलं, तू पाहिलंच असशील. दोन पानी आहे. यादीत माझं नाव नाही हे मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. सकाळी सात वाजता आपोआप उठतो आणि काय करायचं ते सुचत नाही. तुझी काकी म्हणते, 'आता तं खरेखुरे रिटायर झाले तुमी.'

पंधरा दिवस उत्तराची वाट पाहिली. उत्तर येणार नाही हे मला कळतं. तरी रोज दोनदा पाहायचो.

काल तुझा कागद घेऊन लांजीची बस धरली. रुख्माबाई धान वाळवत होती. तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं माझं बोट धरून कागदावर ठेवलं. 'कोठी हाय ते दाखवा.' मी दाखवलं.

'वाचा.'

मी वाचलं. नथ्थू, राखणदार, सक्रिय.

'सक्रिय म्हंजे काय जी?'

'काम करून राह्यला, असं.'

'हौ,' ती म्हणाली. 'बसून राहाचा सोभावच नव्हता त्यायचा.' मग बराच वेळ ती त्या ओळीवर हात फिरवत होती. शेवटी तिनं विचारलं, 'अन् तुमचं नाव?'

'माझं काढलं.'

'काहून?'

'त्याची हजेरी मी लावली म्हणून.'

मला वाटलं ती हळहळेल, निदान चार शब्द बोलेल. तिनं कागदाची नीट घडी घातली आणि माझ्याकडे पाहिलं.

'मंग बरं झालं,' ती म्हणाली. 'तीस वर्सं नाव तुमचं होतं अन् त्यायचं नव्हतं.'

मला राग आला नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी रडलो. शेजारच्या माणसानं विचारलं, 'कोन गेलं का?' मी म्हटलं, हौ, जानेवारीत.

तीस दिवसांतले अजून काही बाकी आहेत, पण सोबत अपील मागे घेतल्याचा अर्ज जोडला आहे. खाली सही आणि तारीख आहे. रीतीप्रमाणे तो नथ्थूकडे पाठव.

तुझे काकाजी,
हेमराज